जलपर्णीची चक्रवाढ

दिल्लीत द्वारकेच्या कडेने वाहणाऱ्या नजफगड नाल्यावर जी जलपर्णी पसरते, तीच रंकाळ्यावर पसरली की कोल्हापूरकर तिला केंदाळ म्हणतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फुलांच्या मोहापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली आणि काही दशकांतच तिने तेथील जलमार्ग अडवले, भातशेती नासवली. १९२१ साली सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. १९३६ मध्ये जलपर्णी निर्मूलनाचा कायदा झाला. १९३७ च्या निवडणुकीत तर तिचा नायनाट हे राजकीय आश्वासनच ठरले. तरीही ती हटली नाही.

याचे कारण साध्या गणितात आहे. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तळ्यावरील शंभर भागांपैकी नव्याण्णव काढले, तरी उरलेल्या एका भागाचे सात दुपटींत एकशे अठ्ठावीस होतात. म्हणजे चौदा आठवड्यांत तळे पुन्हा झाकलेले! शिवाय गाळातील बिया वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

या हिरव्या आच्छादनाखाली प्रकाश पोहोचत नाही, शैवालांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. कुजणारी पाने पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात.

१९८० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे परदेशातून आणून बंगळुरूच्या परिसरात सोडले. पुढे मणिपूरच्या लोकटक सरोवरातही त्यांचा उपयोग झाला. परंतु सांडपाण्याने समृद्ध झालेल्या पाण्यात भुंगेरे खातात त्याहून वेगाने नवी पाने फुटतात.

खरी मेख येथेच आहे. जलपर्णी काढणे म्हणजे मुद्दल कमी करणे. तिच्या चक्रवाढीचा दर मात्र पाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरवतात. पवना, इंद्रायणी आणि उजनीच्या जलाशयात ही पोषकद्रव्ये मुख्यतः शहरांच्या सांडपाण्यातून येतात. नजफगड नाल्यातही तेच वाहते. बंगालच्या कायद्याने वनस्पतीशी युद्ध पुकारले होते. आपणही दरवर्षी यंत्रे लावून तेच करतो. म्हणून किती टन जलपर्णी काढली, ही बातमी वाचताना दुसरा आकडाही मागायला हवा : त्या वर्षी किती सांडपाणी प्रक्रियेविना त्या पाण्यात मिसळले?