नवशिक्षक मार्गदर्शन

नवशिक्षक मार्गदर्शन : शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या एक ते तीन वर्षांत अनुभवी शिक्षकाकडून मिळणारी नियमित मदत आणि त्या मदतीसाठी शासनाने किंवा शाळेने केलेली व्यवस्था. सोबत बसून पाठाचे नियोजन करणे, वर्गनिरीक्षण व त्यावरील चर्चा, अनुभवी शिक्षकाचा तास पाहण्याची संधी आणि तासिकांच्या भारात सवलत हे तिचे मुख्य घटक. नेमणुकीनंतर काही दिवस भरणारे उद्‌बोधन वर्ग उपयुक्त असतात, पण तेवढ्याला मार्गदर्शन म्हणता येत नाही. खऱ्या अडचणी वर्ग सुरू झाल्यावर येतात आणि मदतही तेव्हाच लागते.

ही गरज शिक्षकी पेशाच्या रचनेतूनच निर्माण होते. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाकडे जेवढे काम, तेवढेच कालच रुजू झालेल्याकडे असते. पुष्कळदा ज्येष्ठांनी नाकारलेला वर्ग त्याच्याच वाट्याला येतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी ‘स्कूलटीचर’ (१९७५) या ग्रंथात दाखवले, की असा एकटा पडलेला शिक्षक विद्यार्थीदशेत स्वतः जे पाहिले त्याचाच आधार घेतो. अध्यापक विद्यालयात शिकलेले मागे पडते. डच संशोधक सिमोन वेनमन यांनी १९८४ मध्ये अनेक देशांतील ८३ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नवशिक्षकांच्या अडचणींत वर्गाची शिस्त पहिली आली. मुलांमध्ये शिकण्याची ओढ निर्माण करणे, मुलामुलांतील फरक सांभाळणे, मूल्यमापन आणि पालकांशी संबंध या अडचणी तिच्यामागोमाग होत्या. विषयाचे अज्ञान त्या यादीत बरेच खाली होते.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत या अडचणींचे रूप वेगळे आणि अधिक अवघड आहे. प्रशिक्षणकाळात पाठ घेतला जातो तो एका इयत्तेला, एका घटकावर, आधी टाचण काढून. नेमणूक मात्र अनेकदा द्विशिक्षकी शाळेत होते, जिथे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. पहिलीची मुले अक्षरे गिरवत असताना तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवायची, हे बहुवर्ग अध्यापन पुस्तकातून येत नाही. सोबत हजेरीपत्रक, पोषण आहाराच्या नोंदी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांचे इतिवृत्त आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम येते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिल्ली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी मुले पहिलीत येतात. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला त्यांचे एक वाक्यही कळत नसते. अशा वेळी गावातली अंगणवाडी सेविका किंवा तिथे दहा वर्षे काढलेला शिक्षक जी मदत करू शकतो, ती कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात मिळणार नाही.

अनुभवी शिक्षक शेजारच्या शाळेतून मिळावा, ही कल्पना भारतात जुनी आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळासमूहाची शिफारस केली होती : एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा जोडाव्यात आणि शिक्षकांनी एकमेकांना आधार द्यावा. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे. ग्रामीण शाळांचे एकटेपण त्यांना जवळून माहीत होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात १९९४ मध्ये साधारण दहा-दहा प्राथमिक शाळांचे केंद्र करून प्रत्येक केंद्रासाठी केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. अशी ४,८६० पदे मंजूर झाली. शाळांना भेटी देणे, आदर्श पाठ घेऊन दाखवणे आणि केंद्राची शिक्षण परिषद भरवणे ही केंद्रप्रमुखाची मूळ कामे. नवशिक्षकासाठी याहून योग्य पद शोधूनही सापडले नसते. परंतु यांतील पुष्कळ पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. जी भरली गेली त्यांच्यावर माहिती गोळा करून वर पाठवण्याचा भार इतका वाढला, की वर्गात मागच्या बाकावर बसून तासभर पाठ पाहणे दुर्मीळ झाले.

दुसरीकडे २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तिच्यानुसार नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. हे मानधन दीर्घकाळ प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते; २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. नवशिक्षकाचा वेगळा कालखंड शासनाने मानला, पण तो पगारापुरता. या तीन वर्षांत त्याला कोणी, किती वेळ, काय शिकवायचे याची बांधेसूद योजना त्यासोबत आली नाही. काम पूर्ण शिक्षकाचे आणि दर्जा उमेदवाराचा, ही स्थिती अन्यायाची आहे आणि मुलांच्याही हिताची नाही.

परदेशातील व्यवस्थांकडे पाहिले तर त्यांचा कणा वेळेची तरतूद हा दिसतो. जपानमध्ये १९८८ च्या कायदेबदलानंतर १९८९ पासून सरकारी शाळांतील नवशिक्षकाला वर्षभराचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यातला काही भाग शाळेबाहेर आणि काही शाळेतच नेमलेल्या मार्गदर्शक शिक्षकाकडे असतो. स्कॉटलंडने २००२ पासून प्रशिक्षण पूर्ण केलेल्या पात्र उमेदवाराला एका वर्षाच्या नेमणुकीची हमी दिली आणि तासिकाही कमी ठेवल्या. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नवशिक्षकाच्या मार्गदर्शनाचा काळ दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी वेळापत्रकातील १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के वेळ नवशिक्षकाला मोकळा मिळतो, शिवाय स्वतंत्र मार्गदर्शक असतो. मार्गदर्शकाला मात्र पुरेसा वेळ मिळत नाही, अशी तक्रार तिथेही होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात अनुभवी शिक्षकांना वर्गाच्या कामातून पूर्ण मोकळे करून केवळ नवशिक्षकांच्या भेटींसाठी नेमले गेले. त्यातूनच पुढे एलेन मोइर यांनी ‘न्यू टीचर सेंटर’ ही संस्था उभारली.

अशा मदतीचा परिणाम किती होतो, यावर अमेरिकी शिक्षण विभागाने मोठा यादृच्छिक प्रयोग करवून घेतला. त्याचा अंतिम अहवाल २०१० मध्ये आला. एकच वर्ष मदत मिळालेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. दोन वर्षे मदत मिळालेल्यांच्या वर्गात मात्र तिसऱ्या वर्षी वाचन आणि गणित या दोन्हींत प्रगती दिसली. शिक्षक नोकरीत टिकण्यावर परिणाम झाल्याचे त्यात दिसले नाही. वर्षभरात थांबवलेली मदत वाया जाण्याचा धोका मोठा आहे, हा या प्रयोगाचा सर्वांत उपयोगी धडा.

प्रत्यक्ष मार्गदर्शनाची गुणवत्ता लहान गोष्टींत असते. चांगला मार्गदर्शक एका भेटीत एकच गोष्ट हाती घेतो : प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती क्षण थांबतो, कोणत्या चार मुलांना तासभरात एकदाही बोलायला मिळाले नाही, वहीत लाल खुणा केल्यावर मूल ती चूक पुन्हा सोडवते का. तो आधी विचारतो, मग सांगतो. आणि पुढच्या खेपेला तोच तास स्वतः घेऊन दाखवतो. आपल्याकडे मोठा अडथळा तपासणीच्या परंपरेचा आहे. वर्गात कोणी आले म्हणजे शेरेबुकात शेरा पडणार, ही धास्ती शिक्षकाला अडचण लपवायला शिकवते. म्हणून सेवा कायम करण्याचा अहवाल लिहिणारी व्यक्ती आणि मार्गदर्शक वेगवेगळे असावेत. जिथे मुख्याध्यापकच दोन्ही असतो, तिथे नवशिक्षक मन मोकळे करील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आणि शाळासमूहाची जुनी कल्पना शाळासंकुल या नावाने पुन्हा पुढे आणली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ‘नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग’ आखले. जुलै २०२२ मध्ये ते ३० केंद्रीय शाळांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. त्यात संगणकीय मंचावरून मार्गदर्शक आणि शिक्षक जोडले जातात. विषयातली शंका विचारायला हे साधन चांगले आहे, पण दोन इयत्तांच्या खोलीत गोंधळ कुठे सुरू होतो हे पाहायला कोणीतरी त्या खोलीत असावे लागते.

महाराष्ट्रात त्यासाठी नवे खाते उभारण्याची आवश्यकता नाही. केंद्रप्रमुखाची रिक्त पदे भरणे, त्यांचे माहिती-संकलनाचे काम काढून घेणे, केंद्रातील दोन-तीन जाणत्या शिक्षकांना आठवड्यातला एक दिवस या कामासाठी मोकळा देणे आणि शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांपैकी निदान दोन वर्षे ही मदत चालू ठेवणे, एवढे शासनाने तातडीने करावे.