गर्भगिरी

बालाघाट रांगेचा एक फाटा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या नगर व आष्टी (जि. बीड) तालुक्यांत पसरलेली डोंगररांग. हा गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधला जलविभाजक आहे. प्रदेश मात्र पर्जन्यछायेतला, त्यामुळे ओढे पावसाळ्यात उड्या मारतात आणि दिवाळी सरली की आटू लागतात.

गर्भगिरीत पाणी खांद्यावर चढते. फाल्गुन अमावास्येच्या सुमारास हजारो भाविक पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीत भरतात आणि शेवगावमार्गे साठेक किलोमीटर चालत मढीला नवनाथांपैकी कानिफनाथांच्या समाधीला स्नान घालतात. बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी, त्यांची तोंडे फडक्याने घट्ट बांधलेली. पाऊल पडले की दांडी लवते आणि पाणी चालीच्या तालावर डुचमळते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतून हे पाणी थेंब न सांडता पुढे जाते. गर्भगिरी समजून घ्यायची तर हेच पाहावे.

पायी फिरणाऱ्याने करंजी घाटाकडून सुरुवात करून वृद्धेश्वर, मायंबा, मढी आणि मोहटा असा दोन-तीन दिवसांचा बेत करावा. घाटशिरसजवळचे वृद्धेश्वर झाडीत आहे. भल्या सकाळी तिथे मोरांचे केकारव ऐकू येतात. नवनाथांच्या मावंद्याला शंकर म्हाताऱ्याच्या रूपात आले, अशी कथा असल्याने देवाला म्हातारदेव म्हणतात. मायंब्याला (सावरगाव) मच्छिंद्रनाथांची समाधी. या आपल्या गुरूंचा सोन्याच्या विटेवरचा मोह सुटावा म्हणून गोरक्षनाथांनी अख्खा डोंगरच सोन्याचा करून दाखवला, ही कथा 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथामुळे घरोघर पोचली.

मढीचा गड किल्ल्यासारखा बांधलेला आहे. मोगलांच्या कैदेतून शाहू महाराजांची सुटका व्हावी म्हणून त्यांच्या आई येसूबाईंनी नवस बोलला होता आणि त्यातून हे बांधकाम झाले, अशी परंपरा आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते. रंगपंचमीला रेवड्यांची उधळण होते, मलिद्याचा नैवेद्य असतो आणि गाढवांचा बाजार भरतो. भटक्या-विमुक्तांची एवढी मोठी जत्रा महाराष्ट्रात क्वचितच दिसेल. मोहट्याची देवी पाथर्डीपासून जवळ असून नवरात्रात तिथे मोठी गर्दी होते.

डोंगरावर कुसळी गवत, हिवर, बोर, तरवड, सीताफळ. बिबट्याचा वावर आहे. 2020 मध्ये मढी परिसरात त्याने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा गावे अंधार पडायच्या आत दारे लावून घेत होती. म्हणून तिन्हीसांजेनंतर डोंगरवाटेला राहू नये, मुलांना मागे सोडू नये.

श्रावण ते कार्तिक हा फिरण्याचा चांगला काळ. एरवी पाणी बरोबर बाळगावे. पाथर्डी कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर आहे आणि नगरहून एस.टी. मिळते. मढीसाठी निवडुंगे फाट्याला उतरावे.