सूर कुठून आणायचा?

दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून या स्मरणिकेत जुने मालक, कीर्तनकार, अन्नदाते यांच्याविषयी पुष्कळ काही आलं असेल. आमच्या वाट्याला वाद्यं आली. ती वाजवण्याऐवजी लावण्याबद्दल लिहावं असं आम्ही ठरवलं. वाजवणारे आजही भरपूर आहेत, पण नुसत्या कानाने लावणारे कमी होत चाललेत. मोबाईल नव्हता तेव्हा सूर आणायचे कुठून, असं परवा एका पोराने आम्हाला विचारलं. प्रश्न भोळा असला तरी खरा आहे.

सूर गळ्यातून यायचा, हेच त्याचं उत्तर. चाल सांगणारा जो कोणी असेल, त्याने पहाटे दोन-चार वेळा 'आ' करून बघायचं. आवाज वर कुठपर्यंत जातो आणि खाली कुठे बसतो ते पाहून तो षड्ज धरायचा. तो रोज सारखा नसे. दिवेघाट चढून आल्यावर संध्याकाळी सासवडच्या तळावर गळा वेगळा, आणि दोन दिवस पावसात भिजल्यावर वेगळाच. त्याप्रमाणे पट्टी वर-खाली व्हायची आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पट्टी किती उंच धरायची, तर शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला झेपेल इतकीच.

मग त्या षड्जाला वीणा मिळवायची. विण्याचा भोपळा आणि आपलं पंढरपूर यांचं एक नातं आहे, ते इथे सांगून टाकतो. सतार-तंबोऱ्यासाठी मिरज नावाजलेलं. तिथल्या शिकलगार घराण्याने हत्यारांना धार लावता लावता एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्यं करायला सुरुवात केली. त्यांना लागणारा मोठा कडू भोपळा पिकतो तो बराचसा पंढरपूर-मंगळवेढ्याकडे. म्हणजे वारकरी पंढरीला जायचा आणि भोपळा पंढरीहून मिरजेला!

वीणा लावायला दोन गोष्टी लागत, शांतता आणि धीर. एका सुरात लावायच्या दोन तारा एकापाठोपाठ छेडल्या आणि त्या पुरत्या जुळलेल्या नसल्या, तर आवाजात लाट येते, 'वांव वांव' अशी. खुंटी हळूहळू पिळत गेलं की लाट संथ होते, आणखी संथ होते, आणि एका जागी थांबते. तिथेच हात सोडायचा. उरलेला केसभर फरक घोडीच्या खालचा मणी सरकवून काढायचा. तारेखाली घोडीवर सुताचा बारीक दोरा सरकवला की जवारी खुलते आणि आवाज भरून येतो. खुंटी घसरत असेल तर खडू लावायचा. पण आषाढात उलटच होतं. लाकूड फुगतं, खुंटी आवळून बसते, जोर लावायला जावं तर तार तुटते. म्हणून जुने विणेकरी तारेचं वेटोळं पडशीत ठेवूनच चालायचे.

सप्ताहात तर आणखी पंचाईत. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहारा बदलला की पाया पडून ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तेव्हा लावायची तीही उभ्यानेच, गळ्यात असतानाच, भजन चालू ठेवून. टाळांच्या गजरात तार ऐकू येत नाही, म्हणून काही जण दांडीला कान टेकवायचे. लाकडातून सूर थेट कानात येतो. आम्ही स्वतः करून पाहिलंय.

विण्याच्या सुरावर मृदंग. खरी कसोटी इथे लागते, कारण कातडं पावसाला घाबरतं. ओल लागली की पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. कार्तिकीला नेमकं उलट, कोरड्या थंडीत ती ताणते आणि सूर चढतो. वाद्यांखालचे गट्टे हातोडीने सरकवून मोठा फरक काढायचा, बारीक फरक गजऱ्यावर ठोकून. वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. हे एका जागी करून भागत नाही. पुडी फिरवत फिरवत प्रत्येक घर सारखं बोललं पाहिजे. वाटेत हातोडी हरवली तर ओढ्यातला गोल दगड चालायचा. डाव्या बाजूला कणीक. ती स्वयंपाकाच्या गाडीवरूनच मागून आणायची. कणीक जास्त लावली की आवाज खाली जातो, थोडी खरवडली की वर येतो. पुडी फारच मऊ पडली तर चुलीपासून हातभर लांब धरून शेकायची. घाई करून जवळ धरली की शाईला तडे जातात, आणि मग पंढरपूरपर्यंत रडत वाजवावं लागतं.

टाळ मात्र लावता येत नाही. ते काशाचं ओतकाम, जन्माला येतानाच सूर घेऊन येतं. म्हणून टाळ निवडायचा असतो. दुकानात बसून जोड वाजवून बघणारी, 'हा नको, तो दे' म्हणत दुकानदाराला कंटाळा आणणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. आमच्या मते तेही लावणंच.

मग पेटी आली आणि रीत फिरली. १८४०च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेलं हे वाद्य पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असं केलं. पेटीचा सूर पावसाने फारसा हलत नाही आणि तिला मोठा धीर असतो, हे खरं. पण ती कुणाच्या गळ्याकडे बघत नाही. आता गळा आणि वीणा दोघांनी पेटीकडे यायचं. 'काळी एक', 'पांढरी चार' ही भाषा तेव्हापासून आपल्या तोंडी बसली, आणि मृदंगही पट्टी सांगून घेतले जाऊ लागले. सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून पेटीचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. नभोवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद केलं होतं, त्यामागे अशीच तक्रार होती. गावच्या भजनाला ती बंदी कधी कळलीही नाही.

पुढे विजेचा तंबोरा आला, नटबोल्टचे मृदंग आले, आता मोबाईलवर काटा बघून वीणा लावतात. आमचा त्याला विरोध नाही. तळावर लाउडस्पीकरचा कल्लोळ असताना काट्याने आमचीही अब्रू राखली आहे. पण काटा एका तारेचं सांगतो. दोन तारांमधली लाट थांबली की नाही, हे कानालाच कळतं. काटा बरोबर दाखवतोय आणि वीणा मात्र भांडतेय, असं आम्ही गेल्या दोन-तीन वाऱ्यांत बरेचदा ऐकलं.

म्हणून पोरांना एक सांगणं आहे. येत्या आषाढीत काकड्याच्या अर्धा तास आधी उठा आणि विणेकऱ्याजवळ येऊन बसा. तेव्हा जनरेटर बंद असतो, टँकर आलेले नसतात, आणि तार नीट ऐकू येते. खुंटी आम्ही तुमच्या हातात देऊ. तार तुटली तर तुटली, वेटोळं पडशीत आहे.