आरशातील भामिनी

आपण कसे दिसतो, हे आपल्याला कोण सांगते? आरसा सांगतो, असे उत्तर कोणीही देईल. परंतु आरसा बिचारा प्रतिबिंब दाखवून मोकळा होतो. त्या प्रतिबिंबात काय पाहावयाचे, कशाला रूप म्हणावयाचे आणि कशाची लाज बाळगावयाची, हे शिकविणारी मंडळी निराळीच असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रात अशा शिक्षणाची एक मोठी शाळा भरत असे. तिच्यात स्त्रीने कसे चालावे, कसे लाजावे, पदर कसा सावरावा, हे धडे मिळत. आणि ते देणारे सारे शिक्षक पुरुष होते. ही शाळा म्हणजे आपली संगीत रंगभूमी.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हापासून मराठी नाटकातील सीता, द्रौपदी आणि सुभद्रा पुरुषच होत असत. कुलीन घरातील स्त्रीने लोकांसमोर उभे राहणे त्या काळी कल्पनेपलीकडचे होते; आणि जी गाणारी स्त्री लोकांसमोर उभी राहत असे, तिला कुलीन म्हणावयास समाज तयार नव्हता. मग पडद्यामागील जागा पुरुषांनी भरून काढली. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, 1882 साली 'सौभद्र' आले, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने प्रेक्षकांना वेड लावले. योगायोग असा की, त्याच 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पण जळजळीत पुस्तक पुण्यात छापून निघाले. पुरुषांनी लिहिलेल्या कथा-नाटकांतून स्त्रीचे जे चित्र रंगविले जाते, त्यावर ताराबाईंनी त्यात तडाखे ओढले आहेत. एकीकडे पुरुषाने रंगविलेली सुभद्रा टाळ्या घेत होती, आणि दुसरीकडे एक खरीखुरी स्त्री विचारीत होती की, हे आमचे चित्र काढण्याचा अधिकार तुम्हांस दिला कोणी? टाळ्यांच्या गजरात तो प्रश्न फारसा कोणाला ऐकू गेला नाही.

या परंपरेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांचा जन्म 1888 चा. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले; 1911 साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'त भामिनी झाले; 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली; 1916 साली 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि 1919 साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू त्यांनी उभी केली. या भूमिकांची नुसती नावे घेतली तरी जुन्या पिढीचे डोळे पाणावत. 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी गेली. तरीही त्या रात्री भामिनी रंगभूमीवर आली, नटली, रुसली आणि हसली. ही हकिकत कलानिष्ठेचा आदर्श म्हणून नेहमी सांगितली जाते. मला मात्र ती ऐकताना वाटते की, त्या घटकेला तो देह त्या पित्याच्या मालकीचा राहिलाच नव्हता. तो तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांचा झाला होता.

या प्रेक्षकांत स्त्रिया होत्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नाटकगृहात स्त्रियांची बसण्याची सोय वेगळी असे, आणि गंधर्वांच्या खेळांना ती भरून जाई. घरी परतल्यावर भामिनीचे नऊवारी नेसणे, रुक्मिणीचा केसांतील गजरा, दागिन्यांची निवड, पदराची ठेवण यांचे अनुकरण होई. चांगल्या चांगल्या घरांतील सुना-लेकी एका पुरुषाकडे पाहून स्त्री कशी असावी हे शिकत होत्या. यात हसण्यासारखे काही नाही. त्या स्त्रियांना आपल्यासारखी दुसरी स्त्री निःसंकोचपणे, तीन-चार तास टक लावून, उजेडात पाहण्याची संधी दुसरीकडे मिळतच नव्हती. घरात जावा-नणंदा दिसत. पण त्यांच्याकडे असे पाहावयाचे नसते. रंगभूमीवरची स्त्री पाहण्यासाठीच उभी होती. फक्त ती स्त्री नव्हती, एवढेच.

येथे शेजारच्या गुजराती रंगभूमीकडे वळणे भाग आहे. बालगंधर्वांच्याच पिढीतले जयशंकर भोजक 1901 साली मुंबईत 'सौभाग्य सुंदरी' नाटकात नायिका झाले आणि पुढे जन्मभर 'सुंदरी' याच नावाने ओळखले गेले. मुंबईच्या गुजराती घरांतही त्यांच्या नेसण्या-चालण्याचे अनुकरण होत असे. त्यांनी उतारवयात आत्मचरित्र लिहिले आहे. त्यात, प्रथम पूर्ण वेष करून आरशात पाहिले तेव्हा आपल्याच आतून एक तरुण स्त्री प्रकट होत असल्याचा अनुभव त्यांनी नोंदविला आहे. बालगंधर्वांनी अशी कबुली लिहून ठेवलेली नाही. पण अनुभव फार वेगळा असेल असे वाटत नाही. म्हणजे आरशासमोर दोघे होते: घरातील स्त्री नटासारखी होऊ पाहत होती, आणि रंगपटातील नट स्त्रीसारखा. दोघांच्याही डोळ्यांसमोर असलेली मूळ प्रत कोठे होती, हे सांगणे कठीण आहे.

तिचा एक धागा छापखान्याकडे जातो. राजा रविवर्म्यांनी 1894 साली घाटकोपरला शिळाप्रेस काढला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती, दमयंती-शकुंतला रंगीत छापील चित्रांतून साध्या घरांच्या भिंतींवर गेल्या. तोवर सामान्य कुटुंबात इतक्या रेखीव मुखाची स्त्री चित्ररूपाने क्वचितच पाहावयास मिळे. पुढे छायाचित्रे स्वस्त झाली, तेव्हा नटांच्या स्त्रीवेषातील तसबिरी निघाल्या. चित्रातल्या शकुंतलेसारखा नट बसे, नटासारखी गृहिणी छायाचित्रकारापुढे बसे, आणि तिचे छायाचित्र पाहून तिची मुलगी आपली मान किती तिरपी ठेवावयाची ते ठरवी. यंत्राने रूप तयार केले नाही. त्याने ते मोजता येण्याजोगे आणि नकलता येण्याजोगे केले.

आता भाषेकडे येऊ. माझ्या मते ही या विषयाची सर्वांत सूक्ष्म बाजू आहे. आपल्या मराठीत 'मी' या सर्वनामाला लिंग नाही, पण क्रियापद ती उणीव लगेच भरून काढते. 'मी जातो' म्हणा की 'मी जाते' म्हणा. बोलणारा कोण, ते उघडे पडल्यावाचून राहत नाही. बंगाली माणसाला ही अडचण नाही. त्याच्या क्रियापदाला पुरुष-स्त्री हा भेदच ठाऊक नाही. हिंदीची मात्र आपल्यासारखीच गत आहे. त्यामुळे मराठी नटाला शालूबरोबर व्याकरणही नेसावे लागे. एक पुरुष रात्रभर 'मी येते', 'मी थकले', 'मी रुसले' असे बोलत राही, आणि सकाळी उठून 'मी थकलो' म्हणे. अर्थात भाषेतही आडोसे आहेत. 'मी दार उघडले' या वाक्यात क्रियापद दाराच्या मागे लपते. 'मी जाईन' या भविष्यकाळातही बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. आणि हा नियम तरी सर्व महाराष्ट्राचा कोठे आहे? कोल्हापूरकडच्या स्त्रिया खुशाल 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला तिळमात्र बाध येत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना ते ऐकून हसू येते. पण त्या हसण्यातून कळते ते एवढेच की, क्रियापदाच्या एका मात्रेला आपण केवढा अर्थ चिकटवून ठेवला आहे.

सरकारी नोकरीत माझा बराच काळ अर्जांच्या नमुन्यांत गेला आहे. 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोनच पर्याय असलेला रकाना मी वर्षानुवर्षे पाहत आलो. 2011 च्या जनगणनेत तेथे तिसरा पर्याय आला, आणि 15 एप्रिल 2014 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. रकाना वाढविणे सोपे असते. छापखान्याला सांगितले की काम होते. त्या तिसऱ्या पर्यायातील माणसाने मराठीत 'मी जातो' म्हणावे की 'मी जाते', याचा हुकूम मात्र कोणत्याच कार्यालयातून निघू शकत नाही.

पुन्हा रंगभूमीकडे. ही शाळा बंद कशी पडली, याचे उत्तर बहुतेक लोक 'बोलपट आला' या दोन शब्दांत देतात. ते अर्धेच खरे आहे. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषानेच केले होते. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले या नावाने रंगभूमीवर वावरली आणि तिने पुरुषांच्याही भूमिका केल्या. वेषांतराचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू होता, हे आपण विसरतो, कारण भामिनीच्या तसबिरी घरोघर लागल्या आणि पुरुषवेषातील कमलाबाईंच्या लागल्या नाहीत. 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. त्यानंतर मागे वळणे शक्य नव्हते.

कॅमेऱ्याने मात्र एक निर्दय काम केले. रंगभूमीवरील प्रेक्षक दहाव्या-विसाव्या रांगेत बसतो. मधल्या अंतरात त्याची कल्पना राबत असते. गंधर्वांचा आवाज पुरुषाचा होता, वाढत्या वयाबरोबर शरीर स्थूल झाले होते, आणि हे सारे प्रेक्षकाला दिसत होते. तरीही त्याला रुक्मिणी दिसे. कॅमेरा हा करार पाळीत नाही. तो जवळ येतो. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात बालगंधर्व एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेषात दिसले. आणि रुक्मिणीसाठी जीव टाकणाऱ्यांना हा कोणी परका गृहस्थ वाटला. 1937 च्या 'साध्वी मीराबाई'त ते स्त्रीवेषात आले, तर पडद्यावर तेही चालले नाही. एकाच माणसाला पुरुष म्हणून लोक ओळखेनात, आणि स्त्री म्हणून कॅमेरा मानीना. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या या कलावंताला आपण स्वतः कोण आहोत असे वाटले असेल, याचा विचार मनात आला की मन खिन्न होते. ते नाटकाकडे परतले आणि पुढेही स्त्रीभूमिकाच करीत राहिले.

दुसऱ्या एका नटाची गोष्ट अगदी उलट आहे. विष्णुपंत पागनीसही स्त्रीभूमिका करणारेच नट. 1936 साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये ते तुकाराम झाले, आणि असे झाले की, त्यानंतर निघालेल्या तुकारामांच्या कित्येक चित्रांवर पागनीसांचाच चेहरा उमटला. सतराव्या शतकातील देहूचा वाणी कसा दिसत होता हे पाहणारे कोणी उरले नव्हते. चेहरा मिळाला तो एका नटाचा, आणि वारकऱ्याच्या घरातील देव्हाऱ्याशेजारी तो हात जोडून बसला. त्या नटाने एके काळी स्त्रीवेषात भूमिका केल्या होत्या, हे चित्रापुढे उदबत्ती लावणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

बालगंधर्व 1967 साली निवर्तले. पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. त्यासाठी चित्रकार गोपाळराव देऊसकरांनी त्यांची दोन तैलचित्रे काढली: एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीवेषातील. एकाच माणसाचे एक चित्र पुरेसे होईल, असे त्या वेळी कोणालाही वाटले नाही.