बिअरची बाटली आणि ठाण्याचा रस्सा

बेल्जियमच्या फ्लॅन्डर्स भागात बैलाचं मांस आणि भरपूर कांदा बिअरमध्ये तासन्‌तास शिजवतात. कार्बोनाद म्हणतात त्याला. फ्रान्समध्ये याच कामाला वाईन वापरतात. फरक चवीचा वाटतो, पण मुळात तो शेतीचा आहे. द्राक्षं पिकतात तिथे वाईन, सातू पिकतो तिथे बिअर. मग आपल्या ठाण्यात काय? इथे होते ताड आणि माड.

१५३४च्या तहाने वसईबरोबर साष्टी आणि ठाणंही पोर्तुगीजांकडे गेलं, ते १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत. या दोनशे वर्षांत इथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भाषा मात्र मराठीच राहिली. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, हे सांगण्यासाठी त्यांनी १८८७ मध्ये संघटना काढली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव रूढ झालं.

पोर्तुगीज खलाशी वाईन आणि लसूण घालून मांस मुरवत. त्यांचा शब्द 'विन्या द आल्योस', म्हणजे वाईन नि लसूण. गोव्यात त्याचं विंदालू झालं, आपल्या ईस्ट इंडियन घरांत इंदियाल. वाईन इथे कुठली मिळायला! तिची जागा ताडी-माडी आंबवून केलेल्या सिरक्याने घेतली. फुग्यांचं पीठही ताडीवरच फुगायचं. विंदालूतल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, तरी हॉटेलवाले बिनदिक्कत बटाटे घालतात, ते सोडा.

बिअर या स्वयंपाकघरात आली ती वेगळ्याच रूपात. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, तीळ, खसखस, तिरफळ, नागकेशर असे वीस-पंचवीस जिन्नस भाजून कुटायचे आणि गडद तपकिरी बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत दाबून भरायचे. गडद काचेतून उजेड कमी जातो, मिरचीचा रंग वर्षभर टिकतो. म्हणून त्याचं नाव बाटली मसाला! त्यात भाजलेले गहू आणि हरभराडाळही असते, त्यामुळे रस्सा आपोआप दाट होतो. फ्लॅन्डर्समध्ये हेच काम मोहरी फासलेला पाव करतो.

पण ताडीवर सरकारची नजर होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाडागणिक कर भरल्याशिवाय ताडी काढणं अवघड झालं, आणि ठाणे जिल्ह्यात त्याविरुद्ध मोठा असंतोष उसळला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. झाडावरून थेट चुलीजवळ येणारा पदार्थ परवान्याचा विषय बनला. घरच्या सिरक्याऐवजी दुकानातली बाटली आली. पुढे इमारती उठल्या नि ताडही गेले.

मांसाचंही तेच. गोहत्येवर बंदी होतीच. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूही तिच्या कक्षेत आले. आज इथे कायदेशीर 'बीफ' म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. म्हणजे कार्बोनाद ठाण्यात करायचं, तर बैल कायद्याने वगळलेला आणि बिअर मात्र दुकानात हजर. शंभर-सव्वाशे वर्षांत कुठल्या पातेल्यात काय पडेल हे शेतीपेक्षा विधिमंडळाने जास्त ठरवलं, असं मला वाटतं.

म्हशीचं मांस चरबीला कमी आणि तंतूला जाड, म्हणून त्याला वेळ जास्त द्यावा लागतो. मोठ्या फोडी तेलात लालसर परताव्यात, त्याच भांड्यात कांदा घालावा, मग बिअर आणि चमचा-दोन चमचे बाटली मसाला. झाकण घट्ट लावून १५० ते १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तीन तास, कधी त्याहून जास्त. मंद आचेवर मांसातले चिवट तंतू विरघळून रशात उतरतात. घाईच्या आचेवर ते आखडून राहतात. ओव्हन नसेल तर झाकणावर निखारे ठेवून वरून-खालून आच देण्याची कोकणातली जुनी रीत आहेच. बिअर मात्र कडवट घेऊ नये. रस्सा आटतो तसा तिचा कडूपणा वाढत जातो, नि मग चिमूटभर गुळाशिवाय गत्यंतर राहत नाही.