देसाईगंज ते आदिलाबाद

राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ सालापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलुखास जोडले गेले. सीमा सरकली, तरी प्राणहितेच्या दोन्ही तीरांवरचा गोंड, मराठी आणि तेलुगू लोकांचा शेजार मोडला नाही. या शेजारात महाराष्ट्राच्या बाजूस उभा राहिलेला एक खटला पुढे साऱ्या देशाच्या कायद्यास कारण झाला.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एक पोरकी आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून पोलीसठाण्यात आली. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. जबाब आटोपल्यावर सोबतच्यांस बाहेर काढून तिला एकटीस थांबविण्यात आले. एका शिपायाने बलात्कार केला, दुसऱ्या पोलिसाने विनयभंग केला, असे तिचे म्हणणे. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांस सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांस दोषी धरले. भीतीने गप्प राहणे ही संमती नव्हे, असा त्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तोही निकाल फिरविला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही! पण ज्या घरात पोलीसच गुन्हेगार, तेथे पोरीने हाक तरी कोणास मारावी?

कौरवसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न कायद्याचाच होता. वडीलधारे अडखळले, तरुण विकर्ण तेवढा स्पष्ट बोलला. येथे १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले. स्त्रियांचे मोर्चे निघाले, आणि १९८३ साली कायदा दुरुस्त झाला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध घडल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे तिने सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावयाचे. सामूहिक बलात्कारासही हाच नियम लागला. पीडितेचे नाव छापण्यास मनाई त्याच दुरुस्तीची; म्हणून ते येथेही नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या आसिफाबाद भागात, गावोगाव फिरून किरकोळ माल विकणाऱ्या एका दलित स्त्रीवर सामूहिक बलात्कार होऊन तिचा खून झाला. आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने ३० जानेवारी २०२० रोजी तिघांस फाशीची शिक्षा सुनावली. त्याच सुमारास हैदराबादेत अशाच प्रकरणातील चौघे संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सिरपूरकर आयोगाने पुढे पोलिसांची ती हकीकत अविश्वसनीय ठरविली. वकील म्हणून माझे मत आदिलाबादच्या पारड्यात पडते. मात्र तेथील शासनाचे कर्तव्य त्या विक्रेतीच्या पायवाटेवर सुरू व्हावयास हवे होते, ते तिच्या मृत्यूनंतर न्यायालयात सुरू झाले.

२०१३ सालापासून अशी फिर्याद नोंदविण्यास टाळाटाळ करणारा पोलीस स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. देसाईगंजास त्या रात्री ठाण्याबाहेर गावकऱ्यांचा जमाव खवळला, तेव्हा कोठे त्या मुलीची फिर्याद लिहून घेतली गेली.