ब्रेक पेडल कडक होणे, विद्युत मोटारीतील

पाय नेहमीच्या जोराने दाबूनही पेडल खाली जात नाही, दगडावर पाय ठेवल्यासारखे वाटते आणि गाडी हवी तिथे थांबत नाही, अशी अवस्था. गॅरेजात याला ‘ब्रेक हार्ड झाला’ किंवा ‘बूस्टर गेला’ म्हणतात. पेडल मऊ पडून तळाशी बसणे हा याच्या नेमका उलटा दोष आहे. तिथे ब्रेक ऑइल गळालेले असते किंवा नळीत हवा शिरलेली असते. कडक पेडलात ऑइल बहुधा जागच्या जागी असते, फक्त पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत तुटलेली असते.

हा फरक जिवाशी निगडित आहे. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर भराभर पंप मारण्याची सवय आपल्या चालकांत खोल रुजली आहे. मऊ पेडलाला तिचा उपयोग होतो, पण कडक पेडलात ती घात करते, कारण बूस्टरमध्ये उरलेला निर्वात दोन-तीन दाबांतच संपतो. अशा वेळी पेडल एकदाच, पूर्ण ताकदीने, गरज पडल्यास दोन्ही पायांनी दाबून धरावे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनित्रासारखी चालून गाडी रोखू लागते, तीही मदत होते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत त्याचे बटण ओढून धरले तर चालती गाडीही थांबते.

मदत तुटल्याने किती फरक पडतो, हे युरोपात पाळल्या जाणाऱ्या आर १३-एच या नियमावरून कळते. पेडलावर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१ किलोचा जोर दिल्यास नेहमीच्या ब्रेकने गाडीचा वेग दर सेकंदाला किमान ६.४३ मीटर प्रतिसेकंदाने घटला पाहिजे. यंत्रणेचा एखादा भाग निकामी झाल्यावर २.४४ ने घटला तरी चालतो. ताशी ६० किमी वेगात असलेली गाडी पहिल्या दराने सुमारे २२ मीटरमध्ये थांबते, दुसऱ्या दराने ५७ मीटर घेते. यात चालकाचा प्रतिसादाचा वेळ धरलेला नाही.

निर्वाताच्या मदतीने ब्रेक दाबण्याची कल्पना बेल्जियन अभियंता आल्बेर देवाँद्र याची. जर्मनीच्या बॉशने १९२७ मध्ये ती बाजारात आणली. बूस्टरच्या डब्यात रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला निर्वात असतो, आणि पेडल दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते. २३ सेंमी व्यासाच्या पडद्यावर ५०० मिमी पाऱ्याइतका निर्वात असेल तर सुमारे २८० किलोचा जोर मिळतो. पेट्रोल इंजिन हा निर्वात हवा ओढताना आपोआप देते. विद्युत मोटारीत इंजिनच नाही, म्हणून १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप बसवतात. तो सतत चालत नाही. दाबाचा सेन्सर सांगेल तेव्हा काही सेकंद घरघरतो आणि थांबतो. उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो, त्यामुळे तिथे निरोगी बूस्टरचीही मदत घटते.

निदानाला पहिले हत्यार पाय आणि कान. गाडी बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरूनच गाडी चालू करावी. पेडल किंचित खाली सरकले आणि पंपाचा आवाज आला, तर मदत मिळते आहे. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि १२ व्होल्टची बॅटरी आधी पाहावी. मोठी बॅटरी पूर्ण चार्ज असल्याने छोटीकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि पंप तर हिच्यावरच चालतो. वीज पोचूनही पंप गप्प असेल तर तो बदलावा. पेडल न दाबताही पंप दर थोड्या वेळाने चालू होत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे: नळीला चीर, सैल क्लिप, बूस्टरच्या तोंडाचे रबर किंवा एकेरी झडप. झडप तपासायला गाडी बंद करून पाच मिनिटे थांबावे. पहिलाच दाब कडक लागला तर झडप किंवा नळी निर्वात धरत नाही. पाय दाबलेला असेपर्यंत डॅशबोर्डाखाली फुसफुस चालू राहिली, तर पडदा फाटलेला असण्याचा संभव मोठा. तेव्हा बूस्टर उघडून मास्टर सिलिंडरची मागची बाजू जरूर पाहावी. तिथून पाझरलेले ब्रेक ऑइल पडद्याचे रबर खराब करते, आणि सिलिंडर तसाच ठेवून बसवलेला नवा बूस्टरही टिकत नाही.

फुसफुस ऐकण्यापूर्वी पंप बदलणे ही नेहमीची चूक आहे. गळती असलेल्या गाडीत पंप थकून जळतो. नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून नळीत टी-जोड घालून निर्वात मापक लावावा आणि गाडी बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो ते पाहावे.

मापकावर निर्वात पुरेसा दिसूनही पेडल कडक असेल तर दोष चाकाकडे शोधावा. विद्युत मोटारीत बराच वेग मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड आणि कॅलिपर कमी वापरले जातात. कोकणच्या पावसाळी, खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. त्या सोडवून, साफ करून योग्य ग्रीस लावावे.

२०१३ मध्ये बॉशचा आयबूस्टर आला. त्यात निर्वाताऐवजी विद्युत मोटर आणि गिअर पेडलाला जोर देतात. टाटाच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्येही २०२२ साली निर्वाताविना चालणारी यंत्रणा दिली गेली. इथे नळ्या आणि झडपांचा शोध व्यर्थ आहे. १२ व्होल्टचा पुरवठा व अर्थिंग तपासून स्कॅनरने दोषसंकेत वाचावा. युनिट सहसा उघडून दुरुस्त करत नाहीत, पूर्ण बदलतात, आणि नंतर निर्मात्याच्या पद्धतीने कॅलिब्रेशन करतात.

दोन गोष्टी दोष वाटतात, पण दोष नाहीत. बंद गाडीत पेडल काही वेळा दाबल्यावर कडक होते, ते चालू करताच सैल पडते. आणि महाबळेश्वरात बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू लागल्यास, ऊर्जा साठवायला जागा नसल्याने मोटर गाडी रोखत नाही. तितकाच पाय देऊन गाडी कमी थांबते. तिथे पेडल कडक नसते, फक्त पाय जास्त द्यावा लागतो.